हो म्हणणारा डबा

होळी झाली की रणाच्या खाऱ्या वाळवंटात मिठागरं करणाऱ्या आम्हा आगरियांचे डोळे मोठ्या वाफ्यावर असतात. वर्षभराच्या कष्टाचं मीठ त्यात पिकत असतं. त्या साली मात्र आमच्या घराचे डोळे एका पांढऱ्या डब्यावर खिळले होते. विहिरीच्या काठी, सोलरच्या पाट्यांखाली, खांबाला ठोकलेला डबा. त्यावर एक दिवा. दिवा हिरवा असला की पंप चालू, लाल झाला की पंप बंद. आणि एकदा लाल झाला की तो फोनशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.

आधी आमच्याकडे डिझेलचं इंजिन होतं. धूर ओकायचं, मधेच रडायचं, पण दोरी ओढली आणि चार शिव्या हासडल्या की चालायचं. शिव्या तरी त्याला कळायच्या. डबा आला तो शहरातल्या एका संस्थेकडून, आणि वनराजच्या बापूंनी तो रणभर असा मिरवला की जणू घरात दुसरी सून आली. वनराज आमचा मुलगा, मोरबीला टाइलच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको रमिला आमच्याजवळ रणात. ती आठवीपर्यंत शिकलेली आणि घरातला एकुलता एक मोठा फोन तिचा. म्हणजे विहीर आमची, पंप आमचा, मीठ आमचं आणि चावी सुनेच्या हातात.

दुपार झाली की विहिरीतलं खारं पाणी तळाला जायचं. पंपाने हवा ओढून जळू नये म्हणून डबा पंप बंद करायचा. इथवर त्याचं शहाणपण मला मान्य. पण मग विहीर पुन्हा भरली तरी हा लालच. त्याला हात जोडून सांगावं लागे की बाबा, आता चालू हो, आणि ते सांगायचं फोनवरून. डब्याचं स्वतःचं वायफाय होतं. झोपड्याभोवती तेवढं पसरलेलं, बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नसलेलं. फोन त्याला जोडायचा, एक लांबलचक आकडा टाकायचा, मग डब्याचं पान उघडायचं आणि त्यावरचं 'चालू' हे बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात रमिला आकडा टाकत असतानाच फोन म्हणायचा, इथे इंटरनेट नाही, आणि डब्याला सोडून लांबच्या टॉवरच्या मागे पळायचा. पुन्हा जोडा, पुन्हा आकडा टाका, पुन्हा पळाला.

त्यात आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. लाज काढते, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढते, आणि जे सांगायचं ते सासूच्या कानात सांगते. सासू ते पुढे सांगते. एरवी ठीक आहे. पण डोक्यावर ऊन, पायाखाली मिठाचं पाणी, हातात दंताळं, आणि हाताच्या अंतरावर उभी असलेली दोन माणसं माझ्या तोंडून एकमेकांशी बोलताहेत.

"तिला विचार, जोडला का," वनराजचे बापू म्हणत. फोनच्या काचेवर ऊन पडू नये म्हणून त्यांनी डोक्याचं फडकं दोन्ही हातांनी वर धरलेलं असे.

"आई, त्यांना सांगा, जोडला होता, पळाला."

"पळाला म्हणे."

"तिला म्हणावं, घट्ट धर."

"आई, सांगा ना त्यांना, तो हातातून नाही पळत, आतून पळतो."

मी म्हटलं, "तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून माझी जीभ झिजली. मी जाते वाफ्यावर. ज्याला पळायचंय त्याला पळू द्या."

पण जाऊन करणार काय. मोठ्या वाफ्यात वरून पाणी येत राहिलं तरच मीठ सुटं राहतं. रोज दंताळं ओढून खडे हलवायचे आणि त्यांच्यावर ताजं खारं पाणी सोडायचं. पाणी थांबलं की मीठ तळाला धरतं, त्याची फरशी होते आणि चव कडू होते. तसलं मीठ कुणी फुकट नेत नाही. शेजारचे लहान वाफे कच्चे होते, त्यांच्यावर आमचा भरवसा नव्हता. घराचं सगळं त्या मोठ्या वाफ्यात होतं, आणि त्याचं पाणी एका पळपुट्या फोनवर अडलेलं होतं.

शेवटी वनराजच्या बापूंनी टँकरवाल्याकडून संस्थेला निरोप धाडला, आणि त्यांचा केतुलभाई मोटारसायकलवर आला. काळा चष्मा, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, कानात रणाची धूळ. तो आधी पोचला भुराभाईच्या झोपड्यावर.

भुराभाई आमचा शेजारी. शेजारी म्हणजे बरंच अंतर चालावं लागतं, पण मधे दुसरं काही नाही. त्यांनी डबा घ्यायला नकार दिला होता. माझं इंजिन बरं, म्हणाले. यावरून वनराजचे बापू त्यांना म्हातारं इंजिन म्हणायचे, आणि ते यांना डबेवाले.

रणात आमची एक रीत आहे. वाट चुकलेला माणूस कुणाच्याही घराचं नाव घेऊन आला तरी पहिल्या झोपड्याने म्हणायचं, हो, हेच ते घर, या, बसा. कारण उन्हात चालून आलेल्याला 'अजून पुढे' म्हटलं की तो त्याच पावली वळतो, आणि समोर मृगजळ दिसत असतं, तो त्याच्यात चालत सुटतो. म्हणून आधी हो म्हणायचं, पाणी पाजायचं, चहा द्यायचा. डोळे निवले की मग बाहेर नेऊन खऱ्या घराचं निशाण बोटाने दाखवायचं आणि त्या घराला आरसा चमकवायचा. आरसा चमकला की समजायचं, तुमच्याकडे कुणी येतंय. आपणही उलटा चमकवायचा, म्हणजे कळलं, येऊ द्या. याच्यापलीकडे आरशाला बोलता येत नाही.

केतुलभाईने विचारलं, खोडाभाईंचं, म्हणजे आमचं, घर हेच का. भुराभाई म्हणाले, हेच, बसा. केतुलभाई पाणी प्यायला, बशीत ओतून चहा प्यायला, मग त्याने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, डबा कुठे आहे. तेव्हा भुराभाई म्हणाले, "डबा होय? तो खोडाभाईकडे. चला, दाखवतो." आमच्याकडे येईपर्यंत बिचाऱ्याला हसावं की चिडावं ते ठरत नव्हतं.

त्याने डब्याचं झाकण उघडून तार जोडली आणि बाजेवर मांडी घातली. मला म्हणाला, "काकी, फोन कुठेही जोडला की आधी एक प्रश्न विचारतो, इथून जग दिसतं का? तुमचा डबा गप्प बसतो. म्हणून फोन पळतो."

"मग आता?"

"आता त्याला बोलायला शिकवतो. फोनने जग विचारलं की डबा म्हणणार, आहे. कुठलंही नाव विचारलं की म्हणणार, ते मीच. कुठलंही पान मागितलं की आपलंच पान पुढे करणार. आकडाबिकडा काही नको."

"म्हणजे भुराभाईंनी तुम्हाला केलं तसं."

तो खळखळून हसला. "अगदी तसंच."

"आणि चहा पाजून झाल्यावर पुढे पाठवतो ना तो?"

"पुढे कुठे, काकी? त्याच्या पुढे आहेच काय?"

मला ते पटलं नाही. पण दिवा लाल होता आणि मीठ वाट बघत होतं, म्हणून मी वाद न घालता रोटला थापायला घेतला. केतुलभाईने काम केलं, लसणाच्या चटणीशी बाजरीचा रोटला खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि गेला.

आणि खरंच, फोन पळायचा थांबला. रमिलाने काहीही उघडू दे, गाणं असो की देवीचा फोटो, समोर पंपाचं पान यायचं. वनराजच्या बापूंना अक्षर ओळखता येत नसलं तरी हिरवं बटण ओळखता येत होतं. मग काय विचारता. फोन त्यांनी दारावरच्या खिळ्याला पिशवीत टांगला आणि घराला हुकूम सोडला, कुणी हात लावायचा नाही, आता तो नीट बसलाय. दिवसातून दहादा उठून स्वतः बटण दाबायचे. पंप चालू असला तरी दाबायचे. टँकरवाल्याला दाखवायचे, "बघ, काहीही दाब, माझा पंपच येतो." टँकरवाला म्हणाला, खोडाभाई, मग हा फोन राहिला कुठे, हाही पंपच झाला. ते त्यांना कौतुक वाटलं.

मोठ्या वाफ्यात पाणी खेळू लागलं. आम्ही दोघी सासूसुना पहाटेपासून दंताळी ओढायचो. खडे हरभऱ्याएवढे झाले, मग बोराएवढे. पायांना चिरा पडतात, चिरांत मीठ जातं, त्याचं कौतुक आम्हाला राहिलेलं नाही. पाणी येत होतं एवढंच पुरे होतं.

पण रमिलाचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं. संध्याकाळी ती पाण्याच्या टाकीवर चढायची. आमच्याकडे टॉवरची हवा लागते ती तिथेच, आणि तीही बोलणं तुटण्याइतपत. म्हणून वनराज बोललेले निरोप धाडायचा आणि ती ते टाकीवर बसून ऐकायची. मला ऐकू येऊ नये म्हणून फोन पदराखाली धरायची, जशी मला गरजच होती ऐकायची. आता ती बापूजी जेवायला बसले की पिशवीतून फोन काढून चढायची आणि तशीच उतरायची. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मग रोटले करपू लागले.

मी पोरालाच शिव्या घातल्या. कारखान्यात गेला आणि घर विसरला. रमिला म्हणाली, "आई, त्यांचं काही नाही. फोनमधेच काहीतरी आहे. बापूजींना सांगा, थोडा वेळ डब्यापासून सोडवू दे मला."

मी सांगितलं. वनराजचे बापू उठले, फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ, वर पंख्यासारखं चिन्ह दिसतंय? भरलेलं आहे. म्हणजे जग जोडलेलं आहे. फोन बिघडला नाही. तुझा मुलगा बिघडलाय. तिला म्हणावं, डब्यापासून सोडवला तर पुन्हा पकडायला तुझा बाप येणार आहे का?"

बापाचं ते मी पुढे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, ती तिथेच उभी होती.

एके दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा भुराभाईंकडून आरसा चमकला. मी म्हटलं, कुणीतरी येतंय. वनराजच्या बापूंनी खुंटीवरचा आरसा काढून उलटा चमकवला, कळलं, येऊ द्या. मी चहाचं आधण वाढवलं. टँकरचं पाणी संपत आलं होतं, तरी वाढवलं.

कुणी आलं नाही. चहा उकळून काळा झाला. मी ओतून दिला नाही, आम्हीच प्यायलो.

आरसा पुन्हा चमकला. यांनी पुन्हा उत्तर दिलं. मी वाटेकडे बघितलं, वाट रिकामी. थोड्या वेळाने परत तेच. या वेळी आरसा थरथरत होता, एकसारखा.

"अहो, जाऊन तरी या. काय म्हणताहेत बघा."

"काय म्हणणार? इंजिन बंद पडलं असेल. माझ्या पंपावर डोळा आहे त्याचा." ते फोनकडे गेले, बघितलं आणि परत आले. "काही निरोप नाही. काही असतं तर संस्थेच्या त्या फोनवरच्या घोळक्यात आलं असतं. सगळ्यांना एकदम येतं तिथे. फोन सांगतोय ना, सगळं ठीक आहे."

"फोन कुठे सांगतोय ठीक आहे म्हणून?"

"काही नाही सांगत, म्हणजे ठीकच की." आणि त्यांनी आरसा उचलून इतक्या जोरात इकडेतिकडे फिरवला की भुराभाईंचे डोळे दिपले असतील. कळलं, कळलं, येऊ द्या. मग आरसा खुंटीला उलटा अडकवला, काच भिंतीकडे करून.

आम्ही वाफ्यावर गेलो. ऊन चढलं तसं उत्तरेकडे पाणी दिसू लागलं. त्यात नवल काही नाही. तिकडे रोज पाणी दिसतं, चमकतं, झुलतं, आणि आपण एक पाऊल टाकलं की ते एक पाऊल मागे जातं. माझा जन्म त्याच्याकडे पाठ करून काम करण्यात गेला. मी पाठ केली आणि दंताळं ओढू लागले.

रमिला थांबली. हात कपाळावर धरून बघत राहिली. मी म्हटलं, ओढ की, मीठ धरेल. ती म्हणाली, "आई, त्याच्यात बगळे उतरताहेत."

मी वळले. मृगजळात बगळा उतरत नाही.

वनराजचे बापू बांधाच्या दुसऱ्या टोकाला होते, डब्याच्या खांबाजवळ, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोवर रमिलाने डोक्यावरचा पदर मागे टाकला, कमरेला खोचला आणि धावत सुटली. लग्न होऊन आल्यापासून तिचा मोकळा आवाज तिच्या सासऱ्याने ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला.

"बापूजी, पाणी आहे ते. खरं पाणी आहे. फावडं घ्या."

ते वळले आणि तिच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. ती परत ओरडली, "माझ्याकडे काय बघताय, पाण्याकडे बघा."

वर कुठेतरी कालवा फुटला होता. वर्षभर आम्ही गोड्या पाण्याच्या हंड्यासाठी टँकरवाल्याची मनधरणी करतो, आठवड्याला एकदा डोक्यावरून पाणी घेतो, आणि आता गोडं पाणी हातभर पुढे जीभ काढत सरपटत येत होतं, मीठ चाटायला. खाऱ्या पाण्याने मीठ वाढतं. गोड्याने ते विरघळतं, आणि आवाजसुद्धा होत नाही.

बांध सुकून भेगाळला होता, कारण कोरड्या दिवसांत त्याच्याकडे कोण बघतं. आम्ही तिघं चिखल खणून त्याच्यावर थापू लागलो. फावड्याने उचलायचं, घमेल्यात टाकायचं, धावायचं, ओतायचं, पायाने तुडवायचं. यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी चिखल हातानेच उपसू लागले, कारण फावडी दोनच होती. पाणी घोट्यापर्यंत आलं. वाफ्याच्या बाहेर घोट्यापर्यंत, आणि आत पांढरंशुभ्र मीठ, मधे वीतभर बांध.

तेवढ्यात भुराभाई आले. ते, त्यांची बायको जसू, आणि त्यांच्या घरचे सगळे, खांद्यावर फावडी टाकून, गुडघ्यापर्यंत चिखलाचे. जसूने माझ्या हातातलं घमेलं घेतलं आणि तिचं फावडं मला दिलं.

ईशान्येचा कोपरा फुटला तो त्यानंतर. आम्ही सगळे धावलो, पण भगदाड माणसाएवढं झालं होतं. भुराभाई त्यात आडवे बसले, अक्षरशः बसले, पाठ लावून, आणि म्हणाले, माझ्या दोन्ही बाजूंनी भरा. पण बाहेरचं आत शिरलेलंच होतं. तेव्हा वनराजच्या बापूंनी वाफ्याच्या मधूनच नवा बांध घालायला सांगितलं. म्हणजे अर्धं मीठ सोडून द्यायचं आणि अर्धं राखायचं. मिठाच्या खड्यांवरच चिखल टाकला आम्ही, जे खडे रोज हाताने हलवले होते त्यांच्यावर. उन्हं कलली तेव्हा पाणी चढायचं थांबलं. या बाजूला मीठ होतं. त्या बाजूला आभाळ दिसत होतं, स्वच्छ, पांढरं काही नाही.

सगळे नव्या बांधावर बसलो. भुराभाईंनी हातावरचा चिखल खरवडला आणि शांतपणे विचारलं, "खोडाभाई, सकाळपासून आरसा चमकवतोय. येतंय, येतंय म्हणून. तुम्ही दर वेळी उत्तर दिलंत. कळलं, येऊ द्या. मी म्हटलं, यांना माहीत आहे, यांच्याकडे मोठा फोन आहे. मी आपला माझा बांध बघत बसलो. मग तुमच्या बांधावर माणूस दिसेना, तेव्हा धावलो. तुम्हाला कळलं काय होतं?"

वनराजचे बापू बांधावरचा ओला चिखल थापत राहिले. मीही त्यांच्यासाठी उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं देत आले होते.

रमिला उठून झोपड्याकडे गेली आणि पिशवीतून फोन घेऊन आली. चालता चालताच तिने तो डब्यापासून सोडवला आणि टाकीवर चढली. थोडा वेळ काही नाही. मग फोन तिच्या हातात थरथरायला लागला. थांबेचना. आदल्या रात्रीपासूनचे संस्थेच्या घोळक्यातले निरोप, कालवा फुटला, बांध बघा, उत्तरेकडच्यांनी ताबडतोब बघा. त्यांच्या खाली वनराजचे, एकावर एक. ती टाकीवरून उतरली. माझ्याकडे आली नाही. सरळ सासऱ्यासमोर उभी राहिली, पदर अजून कमरेलाच होता, आणि एक निरोप मोठ्याने लावला. आमच्या पोराचा आवाज होता, दमलेला. "रमिला, किती दिवस झाले. बोलायचं नसेल तर तसं सांग, पण सांग तरी."

"आले होते सगळे," ती म्हणाली. "दारापर्यंत आले होते. तुमचा डबा म्हणत होता, जग इथेच आहे, आणि फोनने ते खरं मानलं."

ते हळूच म्हणाले, "जा, त्याला सांग, सगळे बरे आहेत." सुनेशी ते पहिल्यांदा सरळ बोलले, आणि मला काही पुढे सांगावं लागलं नाही.

केतुलभाई पाणी ओसरल्यावर आला. या वेळी तो बाजेवर बसेना. वाफ्याची ती रिकामी बाजू बघून आला आणि काळा चष्मा काढून हातात फिरवत राहिला. म्हणाला, काकी, माझी चूक झाली, फोन पळू नये एवढंच बघितलं मी. मी त्याला पाणी दिलं. राग होता, पण घरी आलेल्याला पाणी द्यायचंच असतं.

मग म्हटलं, "केतुलभाई, थांबवून घ्यायला काही लागत नाही. कुणीही म्हणेल, हेच घर. भुराभाईंनी तुम्हाला तसंच तिथे बसवून ठेवलं असतं तर? रोज चहा पाजला असता, आणि तुम्ही अजून तिथेच डबा शोधत बसला असता. त्याला पुढे पाठवायला शिकवा. नाही जमत तर काढून न्या तुमचा डबा, मी इंजिनाची दोरी ओढीन."

त्याने लॅपटॉप उघडला. बराच वेळ खटखट केली. म्हणाला, आता जोडला की पान आपोआप समोर येईल, आकडा नकोच. पण जग विचारलं की डबा खरं सांगेल, इथे नाही. आणि पंपाचं काम झालं की फोनला सोडून देईल. पानाच्या तळाशी त्याने एक बटण वाढवलं. रमिलाने वाचून दाखवलं, 'पुढे जा'. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं.

फोन आता रमिलाकडेच असतो. दिवा लाल झाला की तिचे बापूजी लांबून विचारतात, "रमिला, बघतेस का जरा?" आणि ती तिथूनच हो म्हणते. पदर पुन्हा घेते ती, पण कपाळापर्यंतच. मधे माझी गरज राहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मला चुकल्यासारखं वाटतं.

उरलेल्या अर्ध्या वाफ्यावर आम्ही दंताळी ओढत होतो. अर्धं तर अर्धं. त्याचीही फरशी होऊ द्यायची नव्हती. भर दुपार होती. तेव्हा भुराभाईंकडून आरसा चमकला.

वनराजच्या बापूंनी दंताळं टाकलं. झोपड्यात गेले आणि खुंटीवरचा आरसा हातात घेऊन बाहेर आले. आता तो काच बाहेर करून टांगलेला असतो. मला वाटलं, देतील उत्तर. त्यांनी आरसा थोडा वेळ हातात धरला, मग बाजेवर ठेवला, डोक्याला फडकं बांधलं आणि चालू लागले. मी म्हटलं, अहो, ऊन केवढं आहे. ते म्हणाले, "विचारून येतो, काय येतंय ते." त्या उन्हात, अनवाणी, भुराभाईंच्या झोपड्यापर्यंत. जाताना त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग नुसतं फडकं तरंगत गेलं.

मी चहा ठेवला नाही. आधी कळू दे म्हटलं. रमिला उत्तरेकडे बघत होती, मीही बघत होते. दोघींनी बांधाला एक फेरी मारली.

ते परत आले तेव्हा घामाने भिजलेले होते आणि टाचेतून रक्त येत होतं. बाजेवर बसले. बराच वेळ नुसते दम खात होते.

"काय येतंय?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "जसू आरसा पुसत होती."

रमिलाने तोंडाला पदर लावला. मला इतका संताप आला या माणसाचा, आणि इतकं हसू, की कशाला आधी वाट द्यावी कळेना. मी चूल पेटवली आणि चहा ठेवला.